सिंधूचे जाते आणि दमयंतीचा रथ

मलकपेठेत राहणाऱ्या माणसाला जुगारावर बोलण्याचा अधिकार जन्मतःच मिळतो, असे आमच्याकडे थट्टेने म्हणतात. गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाच्या पदरी मलिक याकूब नावाचा एक सेवक होता. त्याच्या नावावरून ही पेठ वसली असे सांगतात. पुढे सहावे निझाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, १८८६ साली, मौला अली येथे होणाऱ्या घोड्यांच्या शर्यती या पेठेत आल्या आणि मलकपेठ म्हणजे शर्यतीचे मैदान हे समीकरण हैद्राबादकरांच्या मनात पक्के झाले. निझामांच्या महबूब मॅन्शनचे नाव आज बाजाराला चिकटून राहिले आहे, आणि जेथे एकेकाळी राजवैभव नांदत होते त्या परिसरात आपल्या महाराष्ट्रातून आलेल्या कांद्याचे लिलाव पुकारले जातात. काळाची ही थट्टा मलकपेठकरांना आता अंगवळणी पडली आहे.

पण मी ज्या गृहस्थांचा आज उल्लेख करणार आहे, त्यांनी शर्यतीचा घोडा जवळून पाहिलासुद्धा नसेल. त्यांचा नाद पत्त्यांचा. आणि खरे सांगावयाचे तर माझे हे बोलणे त्या गृहस्थांविषयीही नाही. ते त्यांच्या पत्नीविषयी आहे, आणि काही अंशी माझ्या टेलिफोनविषयी आहे.

गोष्ट १९८४ सालची. आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडे होती. त्यांपैकी तीन मराठवाड्यातली. १९५६ पर्यंत मराठवाडा हैद्राबाद संस्थानात, नंतर राज्यात असल्यामुळे नोकरीधंद्यासाठी हैद्राबादेस आलेली आणि प्रांतरचनेनंतरही येथेच राहिलेली अशी मराठी कुटुंबे या शहरात पुष्कळ. वाड्यात टेलिफोन तेवढा माझ्याकडे होता. सकाळी नऊच्या सुमारास शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहत. पदराने हात पुसत, माझ्याकडे न पाहता म्हणत, "भाऊजी, यांच्या ऑफिसात तेवढे सांगा ना, अंगात ताप आहे म्हणून." रात्रभर पत्ते कुटून पहाटे घरी आलेले गृहस्थ त्या वेळी आत घोरत असत. मी टेलिफोन फिरवीत असे. दोन वर्षांत मी त्या निरोगी माणसाला हिवताप दिला, कावीळ दिली, एकदा तर विषमज्वर देऊन तीन आठवडे अंथरुणावर निजविले. आपण एका गरीब बाईच्या उपयोगी पडतो आहो, अशीच माझी प्रामाणिक समजूत होती.

वहिनींच्या हातातल्या पाटल्या गेल्या, मग गोठ गेले. देणेकरी आला की त्या पुढे होत आणि गृहस्थ मागच्या दाराने जात. माहेरी पत्र लिहिताना घरात सर्व क्षेम आहे असेच त्या लिहीत. त्यांचा जीव नवऱ्याच्या पावलांत अडकलेला असे. जिन्यावर पाऊल कसे वाजते यावरून तो जिंकून आला की हरून, हे त्या ओळखीत, आणि त्याप्रमाणे त्या दिवशी घरातल्या मुलांनी हसावे की गप्प बसावे हे ठरे. एकदा माझ्या पत्नीने त्यांना सहज विचारले, "वहिनी, तुम्हांला भाजी कोणती आवडते?" त्या बराच वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "यांना दोडका आवडतो." त्या उत्तराला आम्ही दोघे हसलो होतो. आज ते हसणे आठवले की ओशाळल्यासारखे होते.

या अवस्थेला पाश्चात्य देशांत 'कोडिपेंडन्सी' असे नाव मिळाले आहे. मराठीत त्याला सहअवलंबन म्हणता येईल. मला 'गुंतलेले परावलंबन' हे अधिक समर्पक वाटते. एक माणूस दारूवर किंवा जुगारावर अवलंबून असतो, आणि दुसरा त्याला सावरण्यावर अवलंबून राहू लागतो. पहिल्याच्या कृत्याचे फळ दुसरा भोगतो, त्यामुळे पहिल्याला ते कधी भोगावेच लागत नाही. आणि सावरण्याच्या त्या कामात दुसऱ्याचे स्वतःचे सुखदुःख, आवडनिवड, फार काय भूक आणि झोपदेखील हळूहळू पुसून जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हे प्रेमच वाटते. त्यात प्रेम नसते असेही नाही. आणि हे केवळ बायकांचेच होते असे मुळीच समजू नये. व्यसनी मुलाचे कर्ज फेडणारा बाप, धाकट्याच्या अफरातफरी झाकणारा थोरला भाऊ, हे आपल्या ओळखीचेच आहेत. टेलिफोन असलेला शेजारीही त्यांच्या पंक्तीला बसवावा लागेल.

नाव नवे असले तरी वस्तू किती जुनी आहे हे पाहावयाचे तर थेट ऋग्वेदापर्यंत जावे लागते. दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त आहे, ते जुगाऱ्याचे म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात जुगारी स्वतःच आपली कहाणी सांगतो: सासू द्वेष करते, पत्नी दूर लोटते, आणि देणेकरी आले म्हणजे आईबाप आणि भाऊ म्हणतात की आम्ही याला ओळखत नाही, याला बांधून न्या. इतक्या प्राचीन काळी एका कुटुंबाने पांघरूण घालण्याचे नाकारले होते, याची ही नोंद आहे. पण ते नाकारणे कठोर आहे. ते दार लावून घेणे आहे. सूक्तातला तो माणूस शिव्याशाप देत नाही. आपण परके झालो एवढेच तो पाहतो, आणि फासे पुन्हा त्याला बोलावतात. जवळ घ्यावे तर आपण बुडतो आणि दूर लोटावे तर तो बुडतो, हा पेच तेव्हाही होता आणि आजही आहे.

या पेचातून गेलेली एक स्त्री महाभारतात भेटते, आणि ती आपल्या विदर्भाची. वनवासात निराश झालेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नलोपाख्यान सांगतात. प्रसंग मोठा मार्मिक आहे, कारण ऐकणारा स्वतःच जुगारी आहे. नळाने द्यूतात सर्व घालविले तरी दमयंतीला पणाला लावले नाही. हे वाक्य ऋषींच्या तोंडून ऐकताना युधिष्ठिराच्या मनात काय आले असेल, याबद्दल व्यासांनी मौन पाळले आहे.

दमयंती आपल्याला लहानपणापासून पतिव्रता म्हणून शिकविली जाते. नळाने वनात टाकून दिल्यावर ती अरण्यात रडत फिरते, झाडांना आणि पर्वतांना त्याचा ठाव विचारते. एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. परंतु मूळ कथा सावकाश वाचली तर त्याआधीचा एक प्रसंग थांबवून ठेवतो. द्यूत महिनोन् महिने चालू आहे. पुष्कर जिंकतो आहे. दमयंती मंत्र्यांना घेऊन नळाकडे जाते, विनविते. तो उत्तरच देत नाही. ती पुन्हा जाते, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती नळाकडे जात नाही. बृहत्सेना नावाच्या दाईकडून ती वार्ष्णेय सारथ्याला बोलावून घेते आणि सांगते की राजाच्या आवडीचे घोडे रथाला जोड, माझी दोन मुले रथात घाल आणि कुंडिनपुरास माझ्या माहेरी पोचीव. रथ आणि घोडेही तेथेच ठेव. मग तू तेथे राहा किंवा वाटेल तिकडे जा.

या आज्ञेत काय काय आहे ते पाहण्यासारखे आहे. नळ हरणार हे तिने ओळखले आहे आणि स्वतःशी कबूलही केले आहे. त्याचा हात धरून फासे काढून घेता येणार नाहीत, हेही तिला कळले आहे. मुले मात्र वाचविता येतील, आणि रथही. ते अद्याप तिच्या हातात आहेत, म्हणून हातात आहे तोवर ती ते काम उरकते. नवऱ्याचा द्वेष तिच्या मनात कोठेच नाही. सर्वस्व गेल्यावर त्याच्याबरोबर एका वस्त्रानिशी वनात जाण्यासही ती तयार आहे. पण मुलांचा पण लावण्याचा अधिकार ती त्याला देत नाही. कीर्तनकार मंडळी हा रथाचा प्रसंग दोन वाक्यांत आटोपतात आणि वनातल्या विलापाकडे धावतात. श्रोत्यांनाही विलापच हवा असतो, त्याला इलाज नाही.

पुढे चेदी देशाच्या राजवाड्यात सैरंध्री म्हणून राहताना तिने घातलेल्या अटीही अशाच. उष्टे खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही. अन्नाला महाग झालेली, धुळीने माखलेली बाई नोकरी मागताना अटी घालते, आणि राजमाता त्या मान्य करते! आणि नळाचे काय? नळ सुधारतो, पण दमयंतीच्या शुश्रूषेने नव्हे. ती विदर्भात असते आणि तो अयोध्येला ऋतुपर्ण राजाच्या पदरी बाहुक या नावाने घोडे सांभाळीत असतो. अक्षविद्येचे मर्म तो ऋतुपर्णाकडून शिकतो, आणि त्याच्या अंगातला कली तेव्हा बाहेर पडतो. त्याचा रोग त्याच्याच कष्टांनी, तिच्यापासून दूर बरा झालेला आहे. ती स्वस्थ बसलेली नसते. खोट्या स्वयंवराची बातमी पाठवून त्याला बोलावून घेण्याची युक्ती तिचीच. पण तो आल्यावर ती धावत जाऊन गळ्यात पडत नाही. आधी केशिनी दासीला पाठवून त्याची परीक्षा पाहते, त्याने शिजविलेले अन्न चाखून पाहते, मुलांना त्याच्यापुढे धाडते. मग भेटते. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर म्हणून गाव आहे. परंपरा त्यालाच हे कुंडिनपूर मानते. विदर्भातल्या श्रोत्यांना ते ठाऊक असेलच.

आता काही सहस्र वर्षे ओलांडून आपण १९१९ सालात येऊ. त्या वर्षी जानेवारीत सावनेर येथे राम गणेश गडकरी क्षयाने वारले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. आपल्या नाटकाचे हे यश पाहण्यास नाटककार नव्हता. महाराष्ट्राने या नाटकावर जेवढे अश्रू ढाळले तेवढे दुसऱ्या कशावर ढाळले असतील असे मला वाटत नाही. मी स्वतः ते तीन वेळा पाहिले आणि तिन्ही वेळा रुमाल भिजविला.

कथानक आपणांस माहीत आहे. सुधाकर बुद्धिमान वकील. अपमानाच्या एका क्षणी तळीरामाने पुढे केलेला पेला तो घेतो, आणि मग पेल्याला अंत राहत नाही. सिंधू श्रीमंत घरची लेक. भाऊ पद्माकर न्यावयास येतो, पण नवऱ्याच्या शब्दाबाहेर जाऊन माहेरचा पैसाही ती घेत नाही. लोकांचे दळण दळून पोट भरते. अखेर दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून मूल जाते, सिंधूही मरणोन्मुख होते, आणि चौकशीस आलेल्या फौजदारासमोर ती नवऱ्याला वाचविणारी जबानी देते. सुधाकर दारूत विष घालून शेवटचा पेला पितो.

शंभर वर्षे आपण सिंधूला आदर्श म्हटले. गडकऱ्यांनीही तिला देवीच्याच आसनावर बसविली आहे, यात शंका नाही. परंतु प्रतिभावंताचे कथानक त्याच्या मतांपेक्षा अधिक खरे बोलते, असा माझा अनुभव आहे. सिंधूने काय काय केले आणि त्याचे फळ काय झाले, एवढेच पाहावे. तिने सोसले, झाकले, दळले, भावाला परत पाठविले, शेवटी खोटी जबानीही दिली. आणि पडदा पडतो तेव्हा नवरा गेलेला असतो, ती गेलेली असते, आणि ज्याला कोणी काही विचारलेच नव्हते ते पाळण्यातले मूलही गेलेले असते. तिच्या त्यागाने सुधाकराचा एक पेलाही कमी झाला नाही. रंगभूमीवरच्या त्या जात्याची घरघर ऐकताना आपण सिंधूसाठी रडतो; त्या मुलासाठी कुंडिनपूरचा रथ जोडण्याची संधी होती, पद्माकर दारात उभा होता, हे मात्र आपल्या मनात येत नाही. मला स्वतःला ते तिसऱ्या खेळालाही सुचले नाही.

येथे एक खुलासा करावयास हवा, नाही तर माझ्या बोलण्याचा विपर्यास होईल. सिंधूला दोष देणे हा माझा हेतू नाही. १९१९ सालच्या स्त्रीला नवरा सोडून कोठे जाता येत होते? आणि मारहाण करणाऱ्याचा गुन्हा हा त्याचाच गुन्हा. तो सोसणारीच्या माथी मारता येत नाही. घरातील छळापासून स्त्रीला संरक्षण देणारा कायदा आपल्या देशात २००५ साली झाला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये अंमलात आला. सिंधूनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. माझा आक्षेप तिच्यावर नसून तिच्या दुःखाला आदर्शाची शाल पांघरणाऱ्या आपणा प्रेक्षकांवर आहे.

कारण त्याच काळात दुसऱ्या प्रकारचे सहजीवनही महाराष्ट्रात होते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. रेव्हरंड टिळक व्यसनी नव्हते. पण लहरी, तापट आणि व्यवहाराच्या बाबतीत संपूर्ण बेभरवशाचे. बाजारात पाठवावे एका वस्तूला आणि यावे भलतीच घेऊन. अशा पुरुषाच्या संसारात बाईने एकतर पिचून जावे किंवा कायम भांडत राहावे. लक्ष्मीबाई हसतात. त्यांच्या हसण्यात टिळकांविषयीचे प्रेम आहे आणि टिळकांपासूनचे अंतरही आहे. नवऱ्याच्या प्रत्येक लहरीत त्या स्वतः वाहून जात नाहीत. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. नवऱ्याने केले म्हणून केले, असे त्यांनी म्हटले नाही. आणि नवऱ्याने केले म्हणून तोडले, असेही नाही. जातिभेदाविषयी त्यांच्या मनात उजाडले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने उजाडले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. एका घरात दोन माणसे राहू शकतात, याचा इतका प्रसन्न पुरावा मराठीत दुसरा नाही.

सातासमुद्रापलीकडे याच प्रश्नाने एका बाईला छळले होते. न्यूयॉर्कच्या बिल विल्सन नावाच्या शेअरबाजारातल्या माणसाने दारूपायी सर्व घालविले. त्याची पत्नी लुईस दुकानात नोकरी करून घर चालवीत होती आणि सारी वर्षे त्याला दारू सोडविण्याच्या खटपटीत होती. १९३४ च्या अखेरीस तो दारूपासून सुटला, आणि पुढच्या वर्षी डॉक्टर बॉब स्मिथ यांच्यासह त्याने दारुड्यांनी दारुड्यांना साहाय्य करण्याची 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ सुरू केली. आता लुईसचे दुःख संपावयास हवे होते. पण झाले भलतेच. एके दिवशी बिलने सभेला जाण्याची घाई केली तेव्हा तिने संतापून पायातला बूट त्याच्याकडे भिरकावला! मग ती स्वतःच चकित झाली. नवरा शुद्धीवर आला, तरी आपण का संतापतो? तिच्या ध्यानात आले की सतरा वर्षे त्याला सावरणे हेच तिचे आयुष्य होऊन बसले होते. ते काम परक्यांनी केले आणि तिच्या हाताला काही उरले नाही. दुखणे एकट्या नवऱ्याचे नव्हते. १९५१ साली तिने आणि तिच्या एका मैत्रिणीने व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी 'अल्-अॅनॉन' ही संघटना उभी केली. तेथे नवऱ्याला कसे सुधारावे याची चर्चा करावयाची नाही, तर आपण कसे जगावे याची करावयाची, असा दंडक पडला.

शास्त्रज्ञांनीही याचा विचार केला होता. कॅरन हॉर्नी या मनोविश्लेषक विदुषीने १९४२ सालीच दुसऱ्या माणसावरच्या रोगट परावलंबनाचे सविस्तर वर्णन केले. 'कोडिपेंडन्सी' हा शब्द मात्र १९७० नंतरचा, आणि १९८६ साली मेलडी बीटी या लेखिकेच्या पुस्तकाने तो घरोघरी पोचविला. मनोविकारांच्या अधिकृत यादीत त्याला स्थान मिळालेले नाही. ते मिळू नये असेच मलाही वाटते. कष्टाने घर चालविणाऱ्या बाईला रोगी ठरविणे हा तिच्यावरचा आणखी एक अन्याय होईल, असे अनेक स्त्रियांनी तेव्हाच बजावले होते. आणि आपल्याकडे एकमेकांवर विसंबून राहणे हे पाप नव्हे. आजारी सासूची सेवा करणाऱ्या सुनेला अमेरिकन पुस्तक दाखवून तू परावलंबी आहेस असे सांगणारा शहाणा भेटला, तर त्याला त्या सुनेने खुशाल दळण आणावयास पाठवावे. आजाऱ्याची सेवा आणि व्यसनावर घातलेले पांघरूण यांत फरक आहे. सेवेने आजारी उठून बसतो. पांघरुणाखाली व्यसन वाढते.

त्याच १९८६ साली, २९ ऑगस्ट रोजी, पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉक्टर अनिता अवचट, ज्यांना सारे सुनंदाताई म्हणून ओळखत, आणि त्यांचे पती अनिल अवचट यांनी ते उभे केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचे भरघोस साहाय्य त्याला लाभले. गर्द नावाच्या विषाने तेव्हा तरुण मुले गिळावयास आरंभ केला होता. सुनंदाताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. केंद्राचे काम पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी सांभाळले. मुक्तांगणाने व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांकडेही पाहिले, आणि व्यसनींच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालविला. नाव फार विचाराने ठेवलेले दिसते. बरोबर चालणारी ती सहचरी. पाठीवर घेऊन चालणारी नव्हे. आपल्यासारख्याच दहाजणी समोर बसलेल्या पाहिल्या की पहिला उपचार तेथेच होतो, कारण झाकण्याजोगे काही उरत नाही.

झाकण्याचे ओझे एकटीने वाहिले की ते लाज होते आणि अनेकींनी मिळून खाली ठेवले की त्याचा आवाज होतो. आमच्या तेलुगू भगिनींनी हे नव्वदीच्या आरंभी दाखविले. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावी साक्षरतेच्या वर्गात शिकणाऱ्या बायकांनी गावातला सारायचा गुत्ता बंद पाडला, वणवा राज्यभर पसरला, १९९३ साली सारायला आणि १९९५ साली सर्वच दारूला आंध्रात बंदी झाली. ती १९९७ साली उठली, हा भाग वेगळा. सरकारी तिजोरीलाही व्यसन असते आणि तिला सावरणारेही पुष्कळ असतात.

आमच्या वहिनींना यांतले काही माहीत नव्हते. १९८४ साली मुक्तांगण नव्हते, दुबगुंट्याच्या बायका शाळेत गेल्या नव्हत्या, आणि अमेरिकेतली लुईस वहिनींच्या स्वप्नातही येण्याचा संभव नव्हता. त्यांनी ऐकले ते कीर्तन. त्या वर्षीच्या चैत्रात आमच्या भागातल्या देवळात एका बुवांनी नलोपाख्यान लावले होते. बुवांनी नेहमीप्रमाणे रथाचा प्रसंग दोन वाक्यांत संपविला आणि अरण्यात शिरले. घरी परतताना वहिनी माझ्या पत्नीशेजारून चालत होत्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग मागे वळून मला म्हणाल्या, "भाऊजी, तिनं मुलं माहेरी धाडली, ती जुगार चालू असतानाच ना? हरून झाल्यावर नव्हे?"

मी म्हटले, "चालू असतानाच."

"मग ती पतिव्रता कशी?"

मी आयुष्यभर शाळेत शिकविले आहे. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही.

चार दिवसांनी त्यांनी माझ्याकडून एक आंतरदेशीय पत्र मागून घेतले. नांदेडला त्यांचे थोरले बंधू होते. त्या पत्रात त्यांनी प्रथमच खरे लिहिले. उत्तर आले ते तारेने. मुलांच्या परीक्षा आटोपताच काचीगुड्याहून गाडीने दोन्ही मुलांना नांदेडला पोचविण्याचे काम माझ्याकडे आले. माझ्या हाती रथ नव्हता, तिसऱ्या वर्गातून दुसरा झालेला डबा होता. तरी वाटेत मला वार्ष्णेयाची आठवण होत राहिली. धाकटी मुलगी खिडकीशी बसून स्टेशनांची नावे वाचीत होती.

आपण विचाराल, त्या गृहस्थांचे काय झाले? कथेतल्या नळासारखे काही झाले नाही. ऑफिसातून त्यांना तंबी मिळाली, वेतनवाढ रोखली गेली. एका देणेकऱ्याने रस्त्यात कॉलर धरली आणि त्या वेळी पुढे येण्यास कोणी नव्हते. पत्ते कमी झाले, पुन्हा वाढले, पुन्हा कमी झाले. वहिनींनी शिवणाचे यंत्र हप्त्याने घेतले आणि पैशांचा डबा माझ्या पत्नीकडे ठेवावयास दिला. दोन वर्षांनी मुले परत आली. नवऱ्याला त्यांनी सोडले नाही. त्यांच्या आजारपणात, खऱ्या आजारपणात, रात्री जागल्या.

पण हे सारे पुढचे. मी मुलांना पोचवून परत आलो त्यानंतरच्या सोमवारी सकाळी साडेदहाला माझा टेलिफोन वाजला. गृहस्थांच्या ऑफिसातून विचारणा होती. बोलणारे साहेब माझा आवाज ओळखून म्हणाले, "काय मास्तर, आज कोणता ताप?" मी तोंडावर हात ठेवून वहिनींच्या दाराकडे पाहिले. त्या यंत्रावर बसल्या होत्या. पायाने चाक थांबवून त्या म्हणाल्या, "झोपले आहेत म्हणा, भाऊजी. ताप नाही म्हणा."